लाकडावरची बुरशी: डोळ्यांनी मोजावी की रसायनाने?

आर्द्रतेनुसार बुरशी किती वाढते हे पाहायला लाकडाचे तुकडे बंद डब्यांत ठेवायचे. तळाशी मिठांची संपृक्त द्रावणं: पोटॅशियम क्लोराइडने हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ८५ टक्के राहते, पोटॅशियम सल्फेटने ९७. इथपर्यंत सोपं. वाढ मोजायची कशी, हा खरा प्रश्न.

पहिला मार्ग म्हणजे नजरेने श्रेणी देणं. ० ते ६ अशी मोजपट्टी रूढ आहे. १ म्हणजे फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी सुरुवात, ६ म्हणजे पृष्ठभाग जवळजवळ पूर्ण झाकलेला. खर्च नाही, आणि तोच तुकडा दर आठवड्याला पुन्हा तपासता येतो. पण दोन माणसं एकाच तुकड्याला वेगळे आकडे देतात, आणि गडद लाकडावर काळी बुरशी शोधणं म्हणजे डोळ्यांची परीक्षाच!

दुसरा मार्ग एर्गोस्टेरॉलचा. हा बुरशीच्या पेशीपटलातला घटक, लाकडात मुळात नसतो. तो विरघळवून काढून क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीने) मोजतात. आकडा नेमका, पण तुकडा वाया जातो. शिवाय मेलेल्या बुरशीतलं एर्गोस्टेरॉलही काही काळ टिकतं.

पोषणाचा परिणाम पाहताना मला दुसरा मार्ग उजवा वाटतो. लाकूड सुकताना बाह्यकाष्ठातल्या (खोडाच्या बाहेरच्या थराच्या लाकडातल्या) शर्करा पृष्ठभागाकडे सरकतात, म्हणून रंधा न मारलेल्या बाजूवर बुरशी जोमाने वाढते. तिथे रंधा मारलेला आणि न मारलेला असे दोन्ही तुकडे ‘६’वर पोचले की मोजपट्टी संपते, थर मात्र जाड होत राहतो. आर्द्रतेचा उंबरठा, म्हणजे किती आर्द्रतेला वाढ सुरू होते हे, शोधायचा असेल तर मात्र सूक्ष्मदर्शक आणि धीर पुरे.