कॅन्सरच्या ट्रायलमध्ये 'नंबर लावून देतो' म्हणणारा माणूस, नाशिककरांनो सांभाळा

मामांची निफाडकडे द्राक्षबाग आहे, माणूस बिडी नाही तंबाखू नाही, खोकला जाईना म्हणून नाशिकला आणलं आणि सीटी, बायोप्सी होऊन कळलं की फुफ्फुसाचा कॅन्सर, एडिनोकार्सिनोमा नावाचा प्रकार, स्टेज ४, म्हणजे शेवटची. डॉक्टर नीट सांगत होते की बायोप्सीच्या तुकड्यावर आधी जीनची टेस्ट करू, ईजीएफआर, एएलके वगैरे जीनमध्ये बदल आहे का ते बघू, त्याच्यावरून औषध ठरेल, तोवर गडबड करू नका. पण स्टेज ४ म्हटल्यावर घरात पुढचं कोण ऐकतंय. मामीचं रडणं थांबेना आणि मामेभाऊ रात्रभर मोबाईलवर, कुठे काही नवीन औषध निघालंय का बघत.

तिथे त्याला फेसबुकवर जाहिरात दिसली, नवीन इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध), ट्रायलमध्ये, म्हणजे औषध पेशंटवर तपासून बघायच्या अभ्यासात, मोफत, जागा थोड्याच. फॉर्म भरला तर लगेच फोन. बोलणारा इथलाच वाटावा असा, "दादा, काकांचं वय किती, स्वतःचं स्वतः करतात ना, किडनी लिव्हरचे रिपोर्ट कधीचे, शुगर आहे का, आधी काही ट्रीटमेंट झालीये का." आता गंमत अशी की खऱ्या ट्रायलवाल्यांचे प्रश्नही साधारण हेच असतात, कारण प्रत्येक ट्रायलमध्ये कोणाला घ्यायचं कोणाला नाही याचे कडक निकष असतात. त्यामुळे भावाला वाटलं माणूस जाणकार आहे. जाणकार होताच म्हणा, फक्त धंदा वेगळा होता.

शरणपूर रोडला चहाच्या टपरीवर भेटायला आला, गळ्यात ओळखपत्र, फाईलवर मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलचा लोगो. रजिस्ट्रेशनचे १५,००० घेतले, मग 'किट बाहेरून मागवायचंय' म्हणून ४८,०००, मग जागा पक्की करायला अजून २५,०००, सगळं यूपीआयवर आणि दर वेळी वेगळ्याच नावाच्या खात्यात. औषध मोफत म्हणजे मोफतच, हे फक्त 'प्रोसेसिंग' असं म्हणे.

पैशाचं एक वेळ जाऊ द्या. त्याने दोन गोष्टी केल्या त्या जास्त वाईट. पहिली, "केमो किंवा कुठलीही गोळी चालू केली की काका ट्रायलमधून बाद, सांगून ठेवतो." हे अर्धं खरं आहे म्हणूनच पचतं, काही ट्रायल खरंच अजून उपचार न झालेल्या पेशंटसाठी असतात. पण ते ठरवतात डॉक्टर, रिपोर्ट हातात घेऊन, तुमच्याशी बोलून. चहाच्या टपरीवरचा माणूस उपचार थांबवा म्हणतो म्हणजे त्याला फक्त वेळ काढायचाय, तेवढ्यात पुढचा हप्ता येतो. मामांनी डॉक्टरांकडे जायचं टाळायला सुरुवात केली, विचारलं की "जातो ना पुढच्या आठवड्यात."

दुसरी गोष्ट, तो ब्लॉक घेऊन गेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बायोप्सीत काढलेला तुकडा लॅबवाले मेणात बसवून ठेवतात त्याला ब्लॉक म्हणतात, पुढच्या सगळ्या टेस्ट त्याच्यावर होतात. मोठ्या हॉस्पिटलला दाखवायला गेलं की ब्लॉक आणि स्लाइड मागतात हे पण खरं, म्हणून भावाने लॅबमधून सोडवून आणून याच्या हातात दिला, सोबत ओरिजिनल रिपोर्ट आणि आधारची झेरॉक्स. तोच ब्लॉक डॉक्टरांना जीनच्या टेस्टला हवा होता! मग फोन लागला तर 'साहेब मीटिंगमध्ये आहेत', नंतर बंदच.

मला हे सगळं कळलं ते मामी घरी आल्या तेव्हा. त्याने दिलेला ट्रायल नंबर मी सीटीआरआयच्या साइटवर टाकून बघितला. ही ट्रायलची सरकारी नोंदवही आहे, आयसीएमआरची म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, २००७ ला सुरू झाली आणि २००९ पासून देशातल्या ट्रायलची नोंद तिथे सक्तीची आहे, कुणालाही फुकटात बघता येते. नंबर खरा निघाला! फक्त तो गुडघेदुखीच्या कुठल्यातरी अभ्यासाचा होता आणि तो अभ्यास पूर्ण होऊन गेलेला. नुसता नंबर दाखवला म्हणून खूश होऊ नका, आत उघडून वाचा, आजार कुठला, कुठल्या कुठल्या हॉस्पिटलात चालू आहे, भरती चालू आहे की बंद, मुख्य डॉक्टर कोण, आणि तिथे संपर्काचा फोन असतो तो लावा, एजंटने दिलेला नाही.

त्याने दिलेला संमतीचा फॉर्म बघितला तर इंग्रजी झेरॉक्स, एथिक्स कमिटीचं (ट्रायलमध्ये पेशंटच्या हिताकडे लक्ष ठेवणारी समिती) नावच नाही, मामांची सही आधीच घेतलेली आणि सही केलेली प्रत घरी ठेवलेली नाही. मामांना इंग्रजी वाचता येत नाही हो. खऱ्या ठिकाणी माहितीपत्रक पेशंटला समजेल त्या भाषेत देतात, घरी नेऊन वाचायला वेळ देतात, सही केलेली प्रत तुमच्याकडे राहते, त्यात कमिटीचा नंबर असतो, मध्येच सोडायचं म्हटलं तरी सोडता येतं. ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाई द्यायची असं सरकारच्या ट्रायलबद्दलच्या २०१९ च्या नियमात आहे. तपासलं जाणारं औषध पेशंटला विकत नाहीत आणि जागेचे पैसे तर नाहीतच, उलट बऱ्याच ठिकाणी येण्याजाण्याचं भाडं देतात. आणि टाटाला फाईल काढायला दलाल लागत नाही, सकाळी पंचवटी एक्सप्रेसने लोक रोज जातात इथून.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, शहरच्या सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. शेवटच्या हप्त्याचे पैसे बँकेने धरून ठेवलेत, आधीचे लगेच कॅश निघाले होते. एवढं मात्र लक्षात ठेवा की १९३० ला जितक्या लवकर फोन तितके पैसे सापडायची शक्यता जास्त, आधी घरात चर्चा नको.

मामांना परत सुई घालून बायोप्सी करावी लागली, फुफ्फुसाची, या वयात. त्याच्यात ईजीएफआर पॉझिटिव्ह आलं, म्हणजे त्या जीनमध्ये बदल सापडला, आणि त्याच्यावरची रोजची गोळी सुरू झाली, म्हणजे ट्रायलबियल मुळात लागतच नव्हती, डॉक्टरांना भेटत राहिले असते तर हे केव्हाच कळलं असतं. सध्या खोकला कमी आहे, बागेत चक्कर मारून येतात.

परवा पिंपळगावच्या एका ओळखीच्यांना तसाच फोन आला, नंबर वेगळा पण प्रश्न तेच, "दादा, किडनी लिव्हरचे रिपोर्ट कधीचे." त्यांनी रेकॉर्ड करून ठेवलाय. अजून कोणाला आला असेल तर कॉल रेकॉर्डिंग आणि यूपीआयचं नाव जपून ठेवा आणि सायबरला तक्रार करा, आम्ही पण आमच्या तक्रारीत तेच जोडतोय.