ई-संजीवनी: सोय चांगली, पण गोपनीयता आपल्या टोकाला सांभाळावी लागते

मोबाईलवरून डॉक्टरांचा सल्ला देणारी केंद्र सरकारची ही मोफत सेवा, मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने बनवलेली. घरबसल्या ओपीडी एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. पाटण, जावळीच्या आतल्या गावांतून तपासणीसाठी साताऱ्याला खेप घालणाऱ्यांना ती जरूर वापरा असंच सांगू. मात्र आजाराची बातमी फुटते ती बहुतेक वेळा आपल्याच हातून.

लॉगिन मोबाईल नंबर आणि ओटीपीवर होतं. घरात एकच फोन फिरत असेल तर ज्याच्या हातात तो, त्याच्या हातात ओटीपी. स्त्रीरोग किंवा मानसिक आरोग्याचा सल्ला हवा असेल तर नोंदणी स्वतःच्या सिमवरूनच करावी. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद ठेवावं. कोयनेच्या बाजूला रेंज मिळेना की माणूस अंगणात येऊन स्पीकरवर बोलतो आणि शेजारीपाजारी सगळं ऐकतात. माइकवाला इअरफोन लावला की निम्मं काम झालं.

आरोग्य उपकेंद्रातून समुदाय आरोग्य अधिकारी डॉक्टरांशी कॉल जोडून देतात तेव्हा पडदा किंवा बंद दार मागायला संकोच करू नका. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाने स्वतः कॉल केला तर संमती गृहीत धरली जाते, पण आरोग्य कर्मचाऱ्याने लावला तर ती स्पष्टपणे घ्यावी लागते आणि डॉक्टरांनी तिची नोंद ठेवायची असते.

सगळ्यात मोठं भगदाड प्रिस्क्रिप्शनच्या पीडीएफचं. त्यावर नाव, वय, आजार, औषधं, सगळं असतं. प्रिंटसाठी ती झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सअॅपवर पाठवली की त्याच्या फोनमध्ये आणि कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्येही प्रत राहते. 'सर्वांसाठी डिलीट' केल्याने चॅटमधला मेसेज पुसला जातो, कॉम्प्युटरवर आधीच सेव्ह झालेली फाइल नाही. प्रिंट होताच ती फाइल समोर डिलीट करवून घ्या, रिसायकल बिनही रिकामा करायला सांगा. दुकानात स्वतःचं व्हॉट्सअॅप वेब उघडलं असेल तर 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन लॉगआउट करा. मेडिकलमध्ये आधी स्क्रीनवरच दाखवून पाहा. काही अँटिबायोटिक्ससारखी एच-वन यादीतली (ज्यांच्या विक्रीची नोंद ठेवावीच लागते अशी) औषधं असतील तर दुकानदार रजिस्टरमध्ये तुमचं नाव लिहील. ती नोंद कायद्याने ३ वर्षं ठेवावीच लागते, त्याबद्दल वाद घालू नका. तुमच्या कागदाचा फोटो त्याच्या गॅलरीत राहण्याची मात्र काहीच गरज नाही.