नऊ महिने सिंथेटिक हायड्रोजेलमध्ये पेशी वाढवल्यानंतर

मागच्या नोव्हेंबरपासून नांदेडच्या आमच्या छोट्या लॅबमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशी सिंथेटिक हायड्रोजेलमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या कृत्रिम जाळीदार जेलमध्ये वाढवतोय. त्याआधी तीन वर्षं ईएचएस मॅट्रिक्स वापरलं. उंदराच्या सार्कोमाच्या गाठीतून काढलेलं, मुख्यतः लॅमिनिन आणि कोलॅजन-४ ही प्रथिनं असलेलं हे मिश्रण. ते का सोडलं हे आधी सांगते, मराठवाड्यात काम करणाऱ्याला लगेच कळेल.

हे मॅट्रिक्स ४ अंशांना पातळ राहतं आणि खोलीच्या तापमानाला घट्ट व्हायला लागतं. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे खोलीचं तापमान किती असतं ते वेगळं सांगायला नको. पार्सल पोचेपर्यंत डब्यातला ड्राय आइस उडून गेलेला असायचा. रात्री फ्रिजमध्ये वितळायला ठेवलं आणि मध्येच तासन्‌तास लाईट गेली, की सकाळी कुपीत गुठळ्या. एवढं सांभाळूनही पेशी नीट वाढल्या नाहीत तर चूक प्रवासाची, विजेची, आमच्या हाताची की त्या बॅचचीच, हे कधी कळायचं नाही. प्राण्यापासून काढलेला माल, बॅचगणिक थोडा वेगळा असणारच. माझ्या एका विद्यार्थिनीचे सहा महिने याच प्रश्नात गेले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता वापरतोय ते चार हातांचं पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी. प्रत्येक हाताच्या टोकाला मॅलेइमाइड, म्हणजे थायॉलला (गंधक-हायड्रोजनच्या गटाला) पकडणारा रासायनिक गट. येतं कोरड्या पुडीच्या रूपात. भर मे महिन्यात आलेल्या पुडीचं जेल आणि डिसेंबरातलं जेल, आम्हाला फरक दिसला नाही.

मात्र पीईजीला पेशी आपणहून चिकटत नाहीत. ते पाटी कोरी ठेवतं, त्यावर काय लिहायचं ते आपण ठरवायचं. चिकटायला आरजीडी हा पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, जोडावा लागतो. फायब्रोनेक्टिन या प्रथिनातल्या या तीन अमिनो आम्लांचं महत्त्व पिअर्शबाखर आणि रुओसलाटी यांनी १९८४ मध्ये दाखवलं. जाळं विणायला दोन्ही टोकांना सिस्टीन (थायॉल असलेलं अमिनो आम्ल) असलेला दुसरा पेप्टाइड लागतो, आणि तो असा निवडायचा की पेशींची एमएमपी एन्झाइम्स (पेशी भोवतालची प्रथिनं कापायला वापरतात ती) तो कापू शकतील. नाहीतर पेशी कोंडून राहतात. आरजीडीनं जितकी टोकं अडवली तितकी वजा करून उरलेल्या टोकांएवढेच थायॉल द्यायचे. हा हिशोब वहीत मांडल्याशिवाय पिपेट हातात घेऊ नका.

पहिला महिना अवघड गेला. पीएच ७.४ ला मॅलेइमाइडची क्रिया इतकी झटपट होते की जेल पिपेटच्या टिपमध्येच बसायचं, किंवा थेंबात अर्धं घट्ट, अर्धं पातळ. बफरचा पीएच थोडा खाली आणला तेव्हा मिसळायला वेळ मिळाला. पेशी सीरममधून काढून धुऊन घ्यायला लागलो, कारण सीरममधल्या अल्ब्युमिनलाही मोकळा थायॉल असतो आणि तो मॅलेइमाइड खातो. शिवाय पीईजी पाणी पिऊन फुगतं. दुसऱ्या दिवशी थेंब तळापासून सुटून तरंगत होते आणि मीडिया (पेशींचं पोषक द्रावण) बदलताना त्यातले दोन ओढले गेले.

मार्चमध्ये जेल घट्ट होणंच बंद झालं. इथेच मला या पदार्थाची खरी किंमत कळली. आत मोजून चार गोष्टी, त्यामुळे एकेक बदलून बघता आली. तिसऱ्या फेरीत सापडलं: पेप्टाइडचं द्रावण महिनाभर फ्रिजमध्ये पडून होतं, थायॉल ऑक्सिडाइझ होऊन एकमेकांना जोडले गेले होते. ताजं द्रावण केलं, त्याच दुपारी जेल बसलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच बिघाडाचं कारण आम्ही स्वतः शोधून काढलं. ती विद्यार्थिनी त्या दिवशी रात्री नऊपर्यंत मायक्रोस्कोपसमोर होती, घरी जा म्हटलं तरी हलेना.

पेशींचं म्हणाल तर आरजीडी असलेल्या जेलमध्ये दहाव्या दिवसापर्यंत छान गोल पुंजके होतात. प्लेटमधल्या आरजीडी वगळलेल्या विहिरींत (खाचांत) बहुतेक पेशी एकेकट्याच राहिल्या. पॉलिमरचं प्रमाण वाढवलं की जेल कडक होतं आणि पुंजके लहान राहतात. प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण ते स्तनाच्या ऊतीपेक्षा लाखो पटींनी कडक असतं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. पेशी परत काढणं कटकटीचं. जुनं मॅट्रिक्स बर्फावर ठेवून सैल करता यायचं, इथे कोलॅजिनेझ हे जाळं कापणारं एन्झाइम घालून वाट पाहावी लागते, आणि तेवढ्यात पेशींच्या पृष्ठभागावरची काही प्रथिनंही कापली जाण्याची भीती असते. प्रथिनं रंगवून बघायला वापरतो त्या अँटिबॉडीला जेलच्या आत शिरायला रात्र द्यावी लागते. पेप्टाइड महाग आहेत. आतड्याचे ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेल्या अवयवाच्या छोट्या प्रतिकृती) नव्यानं सुरू करणाऱ्याला मी आधी ईएचएस मॅट्रिक्सवरच हात बसवायला सांगेन. त्या पेशींना लॅमिनिन लागतं, आणि कोऱ्या जेलमध्ये पहिल्याच दिवशी सगळं आपणच पुरवायचं म्हणजे फार होतं.

आता पावसाळा आहे म्हणून एवढं लक्षात ठेवा. पुडीची बाटली उणे २० मधून काढली की लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच राहू द्या, नाहीतर आत दव धरतं आणि ओलाव्यानं मॅलेइमाइड निकामी होत जातं. आम्ही आल्याआल्याच पुडी एका प्रयोगापुरत्या छोट्या कुप्यांत वाटून ठेवतो आणि एकदा उघडलेली कुपी परत ठेवत नाही.