एबीएस मॉड्यूल बदलल्याचे सांगून घेतलेले 42,100 रुपये

गेल्या जून महिन्यात एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून 42,100 रुपये घेतले आणि त्या बदल्यात माझ्या गाडीत एकही सुटा भाग बदलला नाही. एवढेच असते तर मी मनातल्या मनात चडफडलो असतो आणि गप्प बसलो असतो, कारण या वयात फसलो हे चारचौघांत सांगायची लाज वाटते. परंतु त्याने गाडीतला धोक्याचा दिवाच झाकून टाकला आणि त्या अवस्थेत मी पत्नीला शेजारी बसवून भर पावसात कुंभार्ली घाट उतरलो. म्हणून हे लिहितो आहे.

माझी गाडी 2016 सालची हॅचबॅक आहे. त्या वेळी एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, सगळ्या गाड्यांना सक्तीचे झालेले नव्हते. मुलगी चिपळूणला दिलेली, वर्षातून आठ-दहा वेळा घाट उतरावा लागणार, म्हणून मी मुद्दाम जास्त पैसे मोजून एबीएस असलेले वरचे मॉडेल घेतले होते. मी ब्रेकच्या बाबतीत निष्काळजी नव्हतो, हे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. किंबहुना काळजी होती म्हणूनच मी त्या माणसाच्या जाळ्यात सापडलो.

रविवार, 1 जून 2025 रोजी गाडी चालवताना मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा लागला आणि तो जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या गॅरेजमध्ये गेलो. नेहमीच्या म्हणजे चार वर्षे तिथेच सर्व्हिसिंग होत होते आणि मार्चमध्येच पुढचे दोन्ही शॉकअप तिथे 7,200 रुपयांना बदलून घेतले होते. मालकाने टॅब्लेटसारखे स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला जोडले, पडद्यावर काही ओळी आल्या, आणि त्याने मान हलवून एबीएस चालवणाऱ्या मुख्य भागाविषयी, म्हणजे मॉड्यूलविषयी, सांगितले, “काका, एबीएसचं मॉड्यूल गेलंय. पावसाळा तोंडावर आहे. घाटात ब्रेक लागलेच नाहीत तर काय कराल?”

हे वाक्य धादांत खोटे होते, हे मला आज कळते. एबीएसचा पिवळा दिवा लागला म्हणजे एबीएस बंद पडले, एवढाच त्याचा अर्थ असतो. नेहमीचे ब्रेक चालूच राहतात. फक्त जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ नयेत ही जी सोय आहे, ती मिळत नाही. पिवळ्या दिव्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर मात्र गाडी जागच्या जागी उभी करावी. माझ्या मीटरवर लाल दिवा नव्हता. तरीही “ब्रेक लागलेच नाहीत तर” हे शब्द ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर घाटातली वळणे आली आणि मी पुढचा प्रश्नच विचारला नाही.

पडद्यावर काय लिहिले होते, ते मी वाचले होते. त्या ओळीत ‘लेफ्ट फ्रंट व्हील’ असे शब्द होते, म्हणजे दोष पुढच्या डाव्या चाकाकडे आहे हे यंत्र स्वतःच सांगत होते. मी त्याला विचारलेही, “हे डाव्या चाकाचं काय म्हणतंय?” त्यावर तो म्हणाला, “ते तसंच दाखवतं हो, मॉड्यूल गेलं की काहीही दाखवतं.” पतसंस्थेत 31 वर्षे दुसऱ्यांची कागदपत्रे तपासलेला माणूस मी, पण स्कॅनरने दाखवलेला स्वतःच्या गाडीच्या दोषाचा क्रमांक, म्हणजे कोड, कागदावर उतरवून घेण्याचे मला सुचले नाही. तुम्ही मात्र तो कोड उतरवून घ्याच, नाहीतर पडद्याचा फोटो काढा. इंजिनाचे कोड पी या अक्षराने सुरू होतात, ब्रेक आणि सस्पेन्शनचे सी ने. ज्या गॅरेजवाल्याला कोड दाखवायला जड जाते, त्याच्याकडे गाडी सोडू नका.

त्याने सांगितलेला हिशेब असा होता: स्कॅनिंग 800, मॉड्यूल 34,500, मजुरी 3,500, ब्रेक ऑइल 650 आणि प्रोग्रॅमिंग 2,650, एकूण 42,100 रुपये. पक्के बिल हवे असेल तर वर जीएसटी लागेल, असे तो म्हणाला, आणि मी कच्च्या बिलावर तयार झालो. ही माझी चूक आहे आणि ती मी लपवत नाही. पण बेचाळीस हजारांचा खर्च अचानक अंगावर आलेला निवृत्त माणूस काही हजार वाचवू पाहतो, यात त्याला फसवण्याचा परवाना कुणाला मिळतो, हेही मला कळत नाही. 20,000 रुपये मी त्याच दिवशी यूपीआयने दिले, 6 जून रोजी गाडी घेताना 12,100 यूपीआयने आणि 10,000 रोख दिले.

आता 6 जूनच्या त्या संध्याकाळविषयी सांगतो, कारण गेले कित्येक आठवडे मी रात्री तीच आठवत पडून राहतो. मालकाने किल्ली माझ्या हातात दिली आणि “बघा, दिवा गेला” असे म्हणाला. मी आत बसलो आणि किल्ली फिरवली. मीटरवर नेहमीप्रमाणे सगळे दिवे एकदम पेटले: बॅटरीचा, ऑइलचा, इंजिनाचा, एअरबॅगचा, हँडब्रेकचा. एबीएसची जागा मात्र काळी राहिली. नऊ वर्षे मी रोज पाहत आलो होतो की किल्ली फिरवली की एबीएसचा दिवाही दोन-तीन सेकंद पेटतो आणि मग विझतो. त्या दोन-तीन सेकंदांत ती यंत्रणा स्वतःची तपासणी करते आणि दिवा चालू आहे हेही चालकाला दाखवते. त्या संध्याकाळी तो पेटलाच नाही. मी ते पाहिले, अगदी स्पष्ट पाहिले, आणि मला बरे वाटले. इतके दिवस छळणारा दिवा आता अजिबात दिसत नाही, याचे मला समाधान वाटले, आणि मी त्या माणसाचे आभार मानून बाहेर पडलो.

दुरुस्त झालेला दिवा आधी पेटतो आणि मग विझतो. मुळीच न पेटणारा दिवा एकतर जळालेला असतो, नाहीतर कोणीतरी झाकलेला असतो. हे समजायला मेकॅनिक असावे लागत नाही. ते मला समजायला हवे होते, आणि समजले नाही.

शनिवार, 21 जून रोजी आम्ही चिपळूणला निघालो. घाट उतरताना एका वळणावर समोरून एसटी आली, मी जोरात ब्रेक दाबला आणि चाके जाम झाली. एबीएस चालू असताना असा ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडते; पूर्वी एकदा महामार्गावर म्हैस आडवी आली होती तेव्हा ती धडधड मी अनुभवली होती. या वेळी पेडल दगडासारखे घट्ट होते. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवले तरी गाडी सरळच घसरत गेली, कारण जाम झालेले चाक वळवले तरी गाडी वळत नाही. एसटीच्या चालकाने गाडी जागीच थांबवली आणि माझा पाय ब्रेकवरून नकळत थोडा उचलला गेला, तेव्हा कुठे आमचे तोंड वळले आणि आम्ही डोंगराकडच्या गटारात जाऊन थांबलो. दरीच्या बाजूला गेलो नाही. पत्नीच्या हातातला डबा फुटून पायाशी सगळी आमटी सांडली होती आणि ती बराच वेळ एक शब्दही बोलली नाही. पुढचा बंपर आणि दिवा मिळून 6,800 रुपयांचे नुकसान झाले.

सोमवारी जावयाने त्याच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने स्कॅनर काढण्याआधी नुसती किल्ली फिरवली आणि विचारले, “काका, एबीएसचा दिवा पेटतच नाही, तुम्ही पाहिलंत का?” मला उत्तर देता आले नाही.

नंतर त्याने जे केले ते मी जवळ उभे राहून पाहिले आणि ते सविस्तर लिहितो, कारण एबीएसचा दोष असाच शोधायचा असतो. प्रथम कोड वाचला. पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचाच होता. मग त्याने स्कॅनर जोडलेला ठेवूनच माझ्या जावयाला गाडी सावकाश चालवायला सांगितली आणि चारही चाकांचा वेग पडद्यावर पाहिला. तीन चाके ताशी वीसच्या आसपास दाखवत होती, डावे पुढचे शून्य. चाक तर फिरत होते, म्हणजे त्याची बातमी मॉड्यूलपर्यंत पोहोचत नव्हती. त्याचे म्हणणे असे की कोड फक्त कुठे पाहायचे ते सांगतो, काय बदलायचे ते सांगत नाही. सेन्सर खराब असेल, वायर तुटली असेल, सॉकेटला गंज चढला असेल, सेन्सरसमोर चाकाबरोबर फिरणाऱ्या कड्यावर चिखल बसला असेल किंवा ते तडकले असेल, बेअरिंग ढिले झाले असेल. हे सगळे पाहून झाल्यावर मॉड्यूलवर संशय घ्यायचा, आणि तोही सगळ्यात शेवटी. माझ्या गॅरेजवाल्याने शेवटून सुरुवात केली होती, कारण सर्वांत महाग वस्तू शेवटीच असते.

त्याने गाडी जॅकवर घेतली, चाक काढले आणि सेन्सरची वायर बोटांनी चाचपत वर नेली. शॉकअपजवळ ती वायर ज्या क्लिपमध्ये बसायला हवी, ती क्लिप जागेवर नव्हती. वायर लोंबकळत होती, टायरच्या आतल्या बाजूला घासून तिचे आवरण गेले होते आणि आतली तांब्याची तार हिरवी पडून तुटली होती. शॉकअप बदलताना ती क्लिप सोडवावी लागते. मार्चमध्ये शॉकअप कोणी बदलले होते, हे मी वर लिहिले आहे. म्हणजे दोष त्यांच्याच हातून झाला होता आणि त्याच दोषाचे त्यांनी माझ्याकडून पैसे घेतले होते.

मग त्याने बोनेट उघडून मला मॉड्यूल दाखवले. त्यात सहा पाइप जातात, दोन ब्रेकच्या मुख्य पंपाकडून आणि चार चाकांकडे. मॉड्यूल बदलायचे तर हे सहाही नट सोडवावे लागतात, पान्ह्याच्या खुणा उमटतात आणि नंतर सगळ्या ब्रेकची हवा काढून नवे ऑइल भरावे लागते. माझ्या नटांवर नऊ वर्षांची तेलकट धूळ अखंड होती, आणि बाटलीतले ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखे काळपट होते. 650 रुपयांचे ऑइलसुद्धा त्यांनी घातले नव्हते. शेवटी त्याने मीटर खोलला. एबीएसच्या दिव्याच्या मागे नखाएवढ्या काळ्या चिकटपट्टीचे दोन थर व्यवस्थित कापून लावलेले होते.

तपासणी 500, वायरसह नवा सेन्सर 1,850, मजुरी 700, एकूण 3,050 रुपयांत गाडी नीट झाली. त्याने जुना सेन्सर न मागता माझ्या हातात दिला. पहिल्या गॅरेजमध्ये मी जुने मॉड्यूल मागितले होते, तेव्हा “ते कंपनीला परत जातं” असे उत्तर मिळाले होते. बदललेला जुना भाग मिळत नसेल तर पैसे देऊ नका. कारणे काहीही सांगू देत.

परत आल्यावर मी गॅरेजमध्ये गेलो. मालकाने आवाज चढवून सांगितले की मीटर दुसऱ्याने खोलला, तेव्हा चिकटपट्टीही त्यानेच लावली असणार. मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथे दोन तास बसवून घेतल्यावर एका हवालदाराने कच्चे बिल उलटसुलट करून पाहिले आणि “यावर ना सही, ना शिक्का. हा दिवाणी मामला आहे, ग्राहक कोर्टात जा” असे सांगितले. यूपीआयने दिलेल्या 32,100 रुपयांची नोंद दाखवली, तर पैसे दिल्याने फसवणूक सिद्ध होत नाही, असे ऐकवले. दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तावर होते. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले आणि त्यांनी विचारले, “अपघातात कोणी दगावलं का?” नाही म्हटल्यावर त्यांचा रस संपला. धोक्याचा दिवा पैसे घेऊन झाकणे ही नुसती पैशाची देवघेव असते का? भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणुकीचा आणि कलम 125 मध्ये दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा गुन्हा लिहिलेला आहे. मी ती कलमे अर्जात लिहून दिली, तर अर्जाची पोच देण्यासाठीही मला आणखी एक खेप घालायला लावली.

परिवहन कार्यालयात तीन खिडक्या फिरल्यावर कळले की खासगी गॅरेज त्यांच्या अखत्यारीत येत नाही. माझ्या गाडीची नंबरप्लेट कशी असावी, काचेला कोणती फिल्म असावी, हे सगळे त्यांच्या अखत्यारीत येते. माझ्या एबीएसचा दिवा झाकणारा माणूस मात्र कुणाच्याच अखत्यारीत येत नाही. बिनबिलाच्या व्यवहाराची तक्रार घेऊन कर कार्यालयात गेलो, तर तिथल्या कर्मचाऱ्याने आधी मलाच विचारले की कच्च्या बिलावर पैसे दिलेच का. प्रत्येक टेबलावर मला पहिल्यांदा माझी चूक सांगितली गेली. ती मला पाठ आहे. समोरच्याने काय केले, हे एकानेही वहीत उतरवून घेतले नाही.

शेवटी ऑगस्टमध्ये मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. त्यासाठी वकील लावावाच लागतो असे नाही, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद केलेली बरी. दुसऱ्या मेकॅनिककडून लेखी अहवाल घ्या आणि प्रत्येक भाग खोलण्याआधी व्हिडिओ काढा. मी चिकटपट्टी काढून झाल्यावर फोटो काढले, आणि त्याचाच फायदा आज समोरचा घेतो आहे. मी 42,100, सेन्सरचे 3,050 आणि बंपरचे 6,800 असे मिळून 51,950 रुपये आणि मनस्तापाची भरपाई मागितली आहे.

त्या गॅरेजचे नाव प्रकरण चालू असल्याने इथे लिहीत नाही. पण त्या मालकाकडे माझ्यासारखी आणखी गिऱ्हाइके गेली असणार आणि त्यांच्या मीटरमागेही चिकटपट्टी असू शकते. ज्यांच्या गाडीचे एबीएस अलीकडे ‘दुरुस्त’ झाले आहे, त्यांनी उद्या सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी नुसती किल्ली फिरवून थांबावे आणि तो पिवळा दिवा पेटतो का, ते पाहावे. पेटला नाही, तर घाटात जाऊ नये.