मायक्रोफायबरची फडकी आणि डस्टर : काळ्या मातीच्या गावातील अनुभव

तालुक्याच्या बाजारपेठेतील एका भांड्यांच्या दुकानातून आणलेली मायक्रोफायबरची तीन फडकी आणि त्याच धाग्यांचा झुपका असलेला लांब दांड्याचा डस्टर गेल्या सोयाबीनच्या हंगामापासून आमच्या घरी वापरात आहे. फडक्यांच्या वेष्टनावर 80 टक्के पॉलिस्टर आणि 20 टक्के पॉलिअमाइड असे प्रमाण छापलेले होते, आणि ते वाचूनच खरेदी करावी, कारण शेजारच्या टोपलीत तशाच रंगाची, पण साध्या पॉलिस्टरची स्वस्त फडकीही ठेवलेली होती. खऱ्या मायक्रोफायबरमध्ये एकेक धागा अनेक बारीक पाकळ्यांत फाटलेला असतो आणि धूळ त्या फटींत अडकते. असे फडके कोरड्या तळहातावरून फिरवले की कातडीच्या भेगांना किंचित अडकते, तर साधे पॉलिस्टर गुळगुळीत सरकून जाते. दुकानात उभ्या-उभ्या करता येण्यासारखी ही परीक्षा आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्यासारख्या गावात उघड्या फळ्यांवर जी धूळ बसते, तिचा मोठा भाग काळ्या मातीचा असतो. या मातीत चिकण कणांचे प्रमाण मोठे, आणि चिकण कण म्हणजे 0.002 मिलिमीटरपेक्षाही लहान. पांदणीवरून (शेतरस्त्यावरून) ट्रॅक्टर गेला की तो फुफाटा बराच वेळ हवेत तरंगतो आणि मग कवेलूंच्या फटींतून, खिडकीच्या जाळीतून घरात उतरतो. त्यात सोयाबीन, तूर आणि हरभरा मळताना उडणारे कुटार (भुसा), चुलीची राख, आणि भाव वाढेल या आशेने घरातच साठवलेल्या कापसाचे तंतू यांची भर पडते. शहरातील घरांसाठी लिहिलेले सल्ले इथे अपुरे पडतात, ते यामुळेच.

पुस्तकांच्या आणि तसबिरींच्या फळ्यांवर या फडक्यांनी केलेले काम मात्र निःसंशय चांगले आहे. जुन्या सुती लुगड्याचे फडके कोरडे फिरवले की निम्मी धूळ उडून तासाभरात पुन्हा त्याच फळीवर येऊन बसत असे, आणि नायलॉनच्या रंगीत झाडणीने तर ती नुसती या फळीवरून त्या फळीवर जात असे. मायक्रोफायबरचे फडके चार पदरी घडी घालून, न झटकता, एकाच दिशेने ओढले असता घडीच्या काठावर काजळासारखी काळी रेघ उमटते आणि फळीवर तिरप्या उन्हात पाहिले तरी पट्टा स्वच्छ दिसतो. घडी उलटवत गेल्यास एका फडक्याला आठ स्वच्छ बाजू मिळतात, म्हणजे समोरच्या खोलीतील सर्व फळ्या एकाच फडक्यात होतात. हवा दमट असताना कोरड्या फडक्याची पकड थोडी कमी होते, तेव्हा पाण्याचा हलका शिपका पुरतो. फडके चिंब भिजवल्यास काळ्या मातीचा चिखल होऊन लाकडावर फराटे उठतात.

सयपाकघरातील लोखंडी मांडणीवर हीच वस्तू निकामी ठरते. फोडणीच्या वाफेतील तेल डब्यांच्या झाकणांवर आणि पालथ्या गंजांच्या (पातेल्यांच्या) बुडांवर बसते, त्यावर धूळ आणि राख चिकटून पिवळट लेप तयार होतो, आणि तो कोरड्या धाग्यांनी निघत नाही. उलट त्या चिकटपणाने फडकेच वाया जाते. तिथे कोमट साबणाचे पाणी, घासणी आणि जुने सुती फडके हाच मार्ग आहे. मांडणीच्या पट्ट्यांवर वर्तमानपत्र अंथरून महिन्या-दोन महिन्यांनी बदलण्याची आपल्याकडची जुनी रीत अजून तरी कोणत्याही डस्टरने मोडीत काढलेली नाही.

दुसरी अडचण कापसाची आहे, आणि वऱ्हाडातील वाचकांनी ती आधीच लक्षात घ्यावी. ज्या खोलीत कापसाचा ढीग आहे, तिथल्या फळ्यांवरचे तंतू मायक्रोफायबर इतके घट्ट धरते की ते धुऊनही सुटत नाहीत, आणि तंतूंनी भरलेले फडके पुढे धूळ उचलत नाही. कापूस विकला जाईपर्यंत त्या खोलीत सुती ओले फडकेच वापरावे. रंधा न मारलेल्या सागवानी फळ्यांच्या कुसळांतही हे धागे अडकून ओढले जातात.

डस्टरबद्दल मत तितके अनुकूल नाही. झुपका चांगला आहे, आड्याखालच्या फळीपर्यंत आणि जळमटांपर्यंत सहज पोचतो, परंतु दांडा एकात एक सरकणाऱ्या पातळ नळ्यांचा असल्यामुळे पूर्ण लांब केला की लचकतो, आणि जोडावरची प्लास्टिकची कडी उन्हाळा संपण्यापूर्वीच तडकली. सुटा झुपका त्या दुकानात मिळत नाही. बांबूच्या काठीला फडके बांधून तेच काम होत असल्याने डस्टरवरील खर्च टाळला तरी चालेल.

हे फडके आलेली धूळ काढते, येणारी धूळ मात्र अडवत नाही. तिचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो, आणि त्यात सर्वाधिक फरक आमच्याकडे कूलरने पडला. पाण्याची मोटर बंद ठेवून कूलरचा नुसता पंखा चालवला की बाहेरचा फुफाटा कूलरच्या बाजूंच्या कोरड्या ताट्यांतून थेट फळ्यांवर येतो. ताट्या ओल्या असतील तर त्यातील बराचसा भाग तिथेच अडतो. पावसाळ्यापासून पुढे कूलर वापरात नसेल, तेव्हा त्याचे तोंड जाड कापडाने बांधून टाकावे. फडा (झाडू) मारण्यापूर्वी जमिनीवर पाणी शिंपडणे, वावधनाची (धुळीच्या वादळाची) चिन्हे दिसताच खिडक्या लावून घेणे, आणि फळ्या नेहमी केर काढून झाल्यावर, वरून खाली पुसत येणे, एवढे पाळले की चार दिवसांनी करावे लागणारे काम आठवड्यावर जाते.

धुण्याच्या बाबतीत हे कापड थोडे हट्टी आहे. सुती कपड्यांबरोबर ते धुऊ नये, कपडे मऊ करण्याचे द्रव किंवा ब्लीच त्यात घालू नये, उकळते पाणी आणि इस्त्री तर नकोच, कारण यांपैकी कशानेही धाग्यांची पकड जाते. आमच्या बोअरचे पाणी क्षारांचे असल्याने फडकी वाळल्यावर कडक होत. शेवटचे खळबळणे पावसाच्या साठवलेल्या पाण्यात केल्यावर ती पुन्हा मऊ झाली. वाळत घालताना ती अंगणातील तारेवर न टाकता छपरीच्या आतल्या दोरीवर टाकावीत. तिन्ही फडकी दीडशे रुपयांच्या आत येतात आणि तेवढ्या पैशांत ती जरूर घ्यावीत. घरात कापूस भरलेला असेल, तर खरेदी कापूस विकल्यानंतर करावी.