इंजिनामागे भरलेल्या वाघिणी जोडाव्यात की रिकाम्या?

मालगाडीत भरलेल्या आणि रिकाम्या वाघिणी एकत्र असल्या, की इंजिनालगत काय जोडायचे हे यार्डातच ठरवावे लागते; वाटेत क्रम बदलणे म्हणजे मार्ग अडवून बसणे.

रिकाम्या वाघिणी पुढे ठेवण्यामागे बहुधा एकच कारण असते, ते म्हणजे शंटिंगची, म्हणजे वाघिणी जोडण्या-सोडण्याची सोय. पहिल्या स्थानकावर सोडायच्या वाघिणी इंजिनाला लागून असतील, तर त्या इंजिनाबरोबरच बाजूला नेता येतात आणि उरलेली गाडी जागची हलवावी लागत नाही. सपाट, सरळ मार्गावरच्या आखूड गाडीसाठी एवढे कारण पुरेसे आहे.

वळणाचा चढ आला, की हिशेब बदलतो. सगळी इंजिने पुढेच असतील, तर पहिल्या कपलिंगवर, म्हणजे इंजिन आणि पहिली वाघीण यांना जोडणाऱ्या सांध्यावर, अख्ख्या गाडीची ओढ येते आणि शेवटच्या कपलिंगवर जेमतेम एका वाघिणीची. ही ओढ वळणावर वाघिणीला आतल्या बाजूला खेचते आणि तिला रुळावर धरून ठेवते ते मुख्यतः तिचे वजन. भरल्यावर ८०-९० टनांची होणारी वाघीण रिकामी असताना २०-२५ टनांचीच असते. त्यातून ती लांब आणि शेजारची आखूड असेल, तर कपलिंग अधिक तिरपे होते आणि धोका वाढतो.

उतारावर ओढीच्या जागी रेटा येतो. हवेचा ब्रेक पुढून मागे पोहोचतो आणि त्याचा संदेश नळीतून ध्वनीपेक्षा वेगाने जात नाही, त्यामुळे दीड किलोमीटरच्या गाडीत शेवटच्या वाघिणीला तो किमान चार सेकंद उशिरा कळतो. तोवर मागचे वजन पुढच्या रिकाम्या वाघिणींना चेपत असते. म्हणून घाटाच्या मार्गावर शंटिंगचा वेळ वाढला तरी भरलेल्या वाघिणी पुढे आणि रिकाम्या शेपटाला, हाच क्रम मला योग्य वाटतो. गाडीच्या मध्ये किंवा मागे दुसरे इंजिन असेल, तर पुढच्या कपलिंगवरची ओढ कमी होते आणि सोयीला थोडा वाव मिळतो.

धोकादायक मालाला मात्र हा क्रम लागू नाही. अमेरिकेतील नियमानुसार, गाडीची लांबी पुरत असेल तर अशा मालाची भरलेली टँकर वाघीण इंजिनापासून सहाव्या जागेच्या अलीकडे जोडता येत नाही. संपूर्ण गाडीच टँकरची असली, की इंजिन आणि टँकर यांच्या मध्ये मुद्दाम एखादी साधी वाघीण घालतात आणि पुष्कळदा तिच्यात वाळू भरतात, कारण रिकामी ठेवली तर रुळावरून उतरण्याचा धोका सर्वात आधी तिलाच असतो.