छावणीतून सुटलेली मुलं: 'आय ॲम डेव्हिड' आधी की 'द सिल्व्हर स्वोर्ड'?

कैदेतून सुटकेची गोष्ट दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायची म्हटलं, की ही दोन नावं हटकून निघतात. डॅनिश लेखिका ॲन होल्म यांची 'आय ॲम डेव्हिड' १९६३ची, इयान सेरेलियर यांची 'द सिल्व्हर स्वोर्ड' १९५६ची. दोन्हींत मुलं युरोप पालथा घालतात आणि शेवटी आपलं माणूस गाठतात. साम्य जवळपास तिथंच संपतं.

'सिल्व्हर स्वोर्ड'मध्ये कैद्यांच्या छावणीतून पळतात ते मुलांचे वडील. पहारेकऱ्याला गलोलीनं लोळवून, त्याचाच गणवेश चढवून! मुलं राहतात दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या, पोलंडच्या वॉर्सात. रूथ, एडेक, धाकटी ब्रोनिया ही भावंडं आणि हातचलाखीत तरबेज असा यान नावाचा पोरगा पुढे आई-वडिलांच्या शोधात स्वित्झर्लंडची वाट धरतात. उपासमार आहे, एडेकला क्षय आहे, पण एकमेकांची सोबत आहे. शिवाय यानचा कोंबडा आणि बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातून सुटलेला चिंपांझी! वाचनाचा कंटाळा करणाऱ्या मुलालाही ही गोष्ट खेचून नेते.

डेव्हिड मात्र एकटा आहे. त्याला छावणीबाहेरचं काहीच आठवत नाही. एक पहारेकरीच त्याला पळायची संधी देतो, होकायंत्र देतो. कुंपण पहिल्या काही पानांतच मागे पडतं. खरं पुस्तक त्यानंतर सुरू होतं. इटलीच्या किनाऱ्यावर निळा समुद्र आणि हिरवे डोंगर पाहून तो थबकतो, कारण तोवर त्यानं करडा आणि मातकट एवढेच रंग पाहिलेले. संत्रं म्हणजे काय, हेही त्याला ठाऊक नाही. साबण मिळाल्यावर तो ज्या निगुतीनं अंग धुतो, तो प्रसंग मला पाठलागाच्या कुठल्याही थरारापेक्षा मोठा वाटतो. आगीत अडकलेल्या मारियाला वाचवल्यावर तिचं श्रीमंत घर त्याला ठेवून घेतं. पण त्यानं जे पाहिलंय त्याची सावली आपल्या मुलांवर पडेल, या काळजीनं तिचे आई-वडील अस्वस्थ होतात. या प्रकरणात वाईट कुणीच नाही, आणि म्हणूनच ते जास्त टोचतं.

खोट म्हणाल तर शेवटचा योगायोग. आईचा पत्ता ज्या तऱ्हेनं लागतो, त्यावर चौकस मूल नक्की नाक मुरडेल.

धावती गोष्ट आवडणाऱ्याला, किंवा भावंडांना मिळून वाचायची असेल तर, 'सिल्व्हर स्वोर्ड' द्या. अबोल, प्रश्न मनात घोळवणाऱ्या मुलाला डेव्हिड. एकच घ्यायचं असेल तर मी डेव्हिड घेईन. फक्त अकराच्या आत नको, आणि त्यातल्या कुत्र्याचं प्रकरण येईल तेव्हा मोठ्या माणसानं आसपास असलेलं बरं. डेव्हिडवरचा २००३चा चित्रपट पुस्तकाआधी दाखवू नका. पुस्तक छावणीच्या देशाचं नावही घेत नाही, चित्रपट ती थेट बल्गेरियात नेऊन ठेवतो.